दम, डाव आणि घड्याळ

खेळांचा इतिहास सांगावयास बसले म्हणजे कोण जिंकले, कोण हरले, कोणी किती धावा काढल्या, यांचीच यादी बहुधा पुढे येते. पण प्रत्येक खेळाला आणखी एक इतिहास असतो आणि तो सहसा कोणी सांगत नाही. तो म्हणजे त्या खेळाच्या वेळेचा इतिहास. डाव कशाने सुरू होतो, कशाने संपतो, मधला वेळ कोणाच्या वाट्याला येतो, आणि खेळ रेंगाळू लागला म्हणजे माणसे त्यावर काय उपाय करतात, हा तो इतिहास होय. आज आम्ही त्याविषयी बोलणार आहोत, आणि तोही मुख्यतः हौशी खेळांपुरता.

हौशी खेळांपुरता म्हणण्याचे कारण असे की, धंदेवाईक खेळाडूचा वेळ कोणी तरी विकत घेतलेला असतो. सामना तासभर लांबला तरी त्याच्या पोटाला चिमटा बसत नाही. हौशी खेळाडूचा वेळ मात्र उसना असतो. तो शेतातून, शाळेतून, दुकानातून, घरच्या कामातून उसना आणलेला असतो आणि ठरल्या घटकेला परत करावयाचा असतो. आपल्या चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत तर ही गोष्ट फोडून सांगावयास नको. बल्लारपूर-घुग्गुसकडील खाणकामगार पाळीने कामावर जातो. गंमत अशी की, खाणीतल्या कामाच्या वाट्याला आपण जो ‘पाळी’ शब्द वापरतो, तोच खेळातल्या वाट्यालाही वापरतो. मैदानावरची पाळी लांबली तर खाणीतली पाळी चुकते. पूर्वेकडे गडचिरोलीच्या अंगाला जावे तर तेथे घड्याळाहून मोठे बंधन उजेडाचे आहे. शेवटची एस.टी. गेली की रानवाट उरते, आणि ब्रह्मपुरी किंवा ताडोब्याच्या आसपासच्या गावकऱ्यांना अंधारातली रानवाट म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडची वाटच बंद होते. अशा मुलखात सामना तासभर लांबला तर कोणाला तरी त्या तासाची किंमत मोजावी लागते. ती बहुधा ज्याची वाट लांबची असते त्यालाच मोजावी लागते.

यावरून कोणी असे म्हणेल की इकडचा माणूस उतावळा आहे. तसे मुळीच नाही. धानाची कापणी-मळणी आटोपली की झाडीपट्टीची रंगभूमी जागी होते. वडसा ही तिची पेठ. रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते, आणि पोराबाळांसह आलेला प्रेक्षक थंडीत घोंगडी पांघरून ते शेवटपर्यंत पाहतो. जो माणूस एका नाटकाला अख्खी रात्र देतो तो उतावळा कसा? खरी गोष्ट अशी की लांबणे निराळे आणि रेंगाळणे निराळे. नाटक लांब असते, पण ते भरलेले असते. माणसाला भरलेल्या वेळाचा कंटाळा येत नाही. कंटाळा येतो तो रिकाम्या वेळाचा, म्हणजे ज्यात काही घडत नाही आणि ज्यातून उठूनही जाता येत नाही अशा वेळाचा. खेळाच्या गतीचा प्रश्न हा पायांच्या वेगाचा प्रश्न नाही, रिकाम्या वेळाचा प्रश्न आहे. हे एक सूत्र हाती धरून आपण मागे वळून पाहू.

आपल्या जुन्या मैदानी खेळांना घड्याळ नव्हते. त्यांची मापे दोन होती. एक सूर्य आणि दुसरे माणसाचा दम. हुतुतू हा खेळ तर दमावरच उभा आहे. चढाई करणाऱ्याच्या छातीत जितका श्वास तितकीच त्याची चढाई. पण एका चढाईला जरी माप होते तरी सबंध डावाला माप नव्हते. हुतुतूचे तीन प्रकार जुन्या खेळाडूंच्या बोलण्यात येत असत: संजीवनी, गामिनी आणि अमर. गामिनीत बाद झालेला गडी बाहेर बसला की बसलाच. त्याच्या बाजूचे सगळे गडी बाद होऊन लोण चढेपर्यंत त्याला पुन्हा आत येता येत नसे. अशी पाच किंवा सात लोणे झाली की डाव पुरा व्हावयाचा, मग त्याला कितीही वेळ लागो. संजीवनीत प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला की आपला बाद झालेला एक गडी जिवंत होऊन आत येई. अमरमध्ये तर बाद झालेला गडी बाहेर जातच नसे. फक्त गुण मोजला जाई.

आट्यापाट्यांचीही हीच रीत होती. चांभारपाटीपासून लोणपाटीपर्यंत जावयाचे, तेथून लोण घेऊन परत फिरावयाचे, आणि मधल्या प्रत्येक पाटीवर उभ्या असलेल्या गड्याला झुकांडी द्यावयाची. सूरपाटी राखणारा चपळ असला तर एखादा गडी दोन पाट्यांच्या मध्ये कोंडून पडे. मग तो तेथे किती वेळ उभा राहणार? पूर्वी याचे उत्तर एकच होते: अंधार पडेपर्यंत. गावातल्या गावात खेळणाऱ्यांना हे चालण्यासारखे होते. दिवेलागणीला घरून हाक आली की डाव मोडे, आणि अर्धा राहिलेला डाव उद्या पुन्हा मांडता येई. कारण गडी तेच, गाव तेच आणि उद्याही तोच.

ही सोय ज्या दिवशी परगावचा संघ खेळावयास आला त्या दिवशी संपली. विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्याकडे खेळाच्या संस्था निघू लागल्या. पुण्याचा डेक्कन जिमखाना १९०६ मधला. आपल्या विदर्भात अमरावतीला वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये उभे केले. त्याच १९१४ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम बांधावयास घेतले. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२३ मध्ये हुतुतूचे नियम छापून सामने भरविले. पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने या देशी खेळांचे नियम पुनःपुन्हा तपासले आणि सुधारले. या मंडळींनी काय केले, असे विचारल्यास लोक सांगतात की त्यांनी मैदानाची लांबी-रुंदी ठरविली, गड्यांची संख्या ठरविली, गुण ठरविले. ते खरेच आहे. पण त्यांनी केलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी खेळाला शेवट दिला. मैदान एक, संघ दहा, गाडी संध्याकाळची, आणि सुट्टी दोन दिवसांची. अशा परिस्थितीत पाच लोणे होईपर्यंत खेळत राहा असे सांगून स्पर्धा पार पडत नाही. वेळ आखून द्यावाच लागतो.

येथे एक मौजेची गोष्ट पाहण्यासारखी आहे. हुतुतूच्या तीन प्रकारांपैकी आजच्या कबड्डीत प्रामुख्याने कोणता उतरला? संजीवनी. प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला गडी उठतो, हे आजच्या कबड्डीचे मर्म संजीवनीचेच आहे. लोण हा शब्द राहिला, पण लोणाने डाव संपत नाही. जादा दोन गुण मिळतात आणि खेळ पुढे चालतो. डाव संपतो तो वीस-वीस मिनिटांचे दोन भाग पुरे झाल्यावर. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी संघटना स्थापन झाली, १९५२ मध्ये मद्रासला पहिल्या राष्ट्रीय स्पर्धा झाल्या, आणि पंजाबपासून मद्रासपर्यंत निरनिराळ्या नावांनी खेळला जाणारा खेळ एका घड्याळाखाली आला.

संजीवनीच का टिकली? आम्हांस वाटते की तिच्यात दोन रोगांवर एकच औषध होते. पहिला रोग डाव न संपण्याचा. दुसरा रोग अधिक सूक्ष्म आहे, आणि तो हौशी खेळाचा खरा शत्रू आहे. गामिनीत पहिल्याच चढाईत बाद झालेला पोरगा अर्धा तास रेषेबाहेर बसून गवत उपटीत असे. तो सहा कोस चालून आला होता तो बसण्यासाठी नव्हे. संजीवनीने त्याला पुन्हा मैदानात आणले. म्हणजे घड्याळाने खेळाला शेवट दिला, आणि संजीवनीने मधला वेळ भरून काढला. नुसते घड्याळ लावले असते तर सामना वेळेवर संपला असता, पण निम्मे गडी रिकामेच बसले असते.

खो-खोकडे पाहिले म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी पाटीवर बसलेले आणि नववा धावणारा. आठ माणसे बसलेली असूनही या खेळाला कोणी संथ म्हणत नाही. का? कारण बसलेला गडी रिकामा नसतो. पाठीवर थाप आणि कानावर ‘खो’ पडताच त्याला त्याच क्षणी उठावयाचे असते. तो कोणत्या बाजूला तोंड करून बसला आहे, खांबाकडे कोणत्या अंगाने जावयाचे, पळणारा गडी कोठे आहे, हे सर्व त्याने बसल्या बसल्या ठरविलेले असते. दमलेल्याने खो द्यावा, ताज्याने उठावे, आणि पाठलाग अखंड चालू राहावा, ही या खेळाची रचना आहे. वाट पाहण्याचा वेळ तयारीचा वेळ करून टाकण्याची ही युक्ती आमच्या मते मराठी क्रीडाबुद्धीची एक मोठी देणगी होय.

आणि याच खेळाने वेळेला गुणांच्या पंक्तीला बसविले. नऊ मिनिटांची पाळी, लहान गटांसाठी सात मिनिटांची. पळणारा गडी किती मिनिटे टिकला हे नोंदले जाते आणि टाळ्या त्यालाच पडतात. वृत्तपत्रांत आपण वाचतो की अमुक संघ इतके गुण आणि इतकी मिनिटे राखून विजयी झाला. सामना बरोबरीत सुटला तर लघुत्तम आक्रमण होते, म्हणजे पहिला गडी कोणी कमी वेळात टिपला यावर निकाल लागतो. येथे वेळ काढणे हा दोष नाही, ते कसब आहे. कारण तो वेळ काढण्यासाठी माणसाला जिवाच्या आकांताने पळावे लागते. २०२२ मध्ये या खेळाची व्यावसायिक स्पर्धा निघाली तेव्हा तीत सात मिनिटांच्या पाळ्या ठेवण्यात आल्या. १९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीत पहिल्या विश्वचषकाचे अंतिम सामने झाले आणि भारताच्या पुरुष व महिला दोन्ही संघांनी ते जिंकले. पुण्याच्या मैदानावर बांधलेल्या नियमांचा हा प्रवास लहान नव्हे.

आता देशी खेळांकडून क्रिकेटकडे वळू, कारण रिकाम्या वेळाचे सर्वांत मोठे दाखले तेथे सापडतात, आणि त्यांतले दोन आपल्या महाराष्ट्रातले आहेत. १९३९ च्या मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेत दरबान येथे इंग्लंडचा कसोटी सामना ‘निकाल लागेपर्यंत’ या अटीने सुरू झाला. दहा दिवस उलटले, त्यांतला एक पावसात गेला, इंग्लंडला ६९६ धावा हव्या होत्या आणि ५ बाद ६५४ झाल्या होत्या. आणि तेवढ्यात सामना सोडून द्यावा लागला, कारण परतीची बोट गाठावयाची होती. कधीच न संपणाऱ्या सामन्यालाही शेवटी बोटीचे वेळापत्रक लागू पडले!

त्यानंतर नऊ वर्षांनी, १९४८ च्या डिसेंबरात, पुण्यात महाराष्ट्राचा सामना काठेवाडशी झाला. काठेवाडचा पहिला डाव २३८ धावांत आटोपला. मग भाऊसाहेब निंबाळकर खेळावयास आले आणि खेळतच राहिले. त्यांच्या ४४३ धावा झाल्या. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा उच्चांक नऊ धावांवर आला. महाराष्ट्राच्या धावा ४ बाद ८२६. आणि तेथे काठेवाडचा संघ सामना सोडून चालता झाला. या प्रसंगाचे दुःख आपण आजवर निंबाळकरांच्या बाजूने मानीत आलो, आणि ते योग्यच आहे. इतका थोर डाव नऊ धावांसाठी अपुरा राहावा ही हळहळ मराठी माणसाला कायमचीच आहे. परंतु हौशी खेळाच्या दृष्टीने मैदानावरच्या त्या अकरा जणांचाही क्षणभर विचार केला पाहिजे. सामन्याचा निकाल लागून गेला होता. उरलेला सर्व वेळ एकाचा होता आणि अकरांनी तो उन्हात उभे राहून पुरवावयाचा होता. त्यांचे जाणे खिलाडूपणाचे नव्हते हे खरे; पण ज्या रचनेत एकाचा पराक्रम अकरांच्या रिकाम्या वेळावर उभा राहतो, ती रचनाही निर्दोष म्हणता येणार नाही.

पुढल्याच तीन महिन्यांत, १९४९ च्या मार्चमध्ये, पुण्यातच मुंबई आणि महाराष्ट्र यांचा रणजी सामना सात दिवस चालला. मुंबईच्या ६५१ आणि ७१४, महाराष्ट्राच्या ४०७ आणि ६०४, अशा एकूण २३७६ धावा झाल्या. पहिल्या डावात २४४ धावांची आघाडी असूनही मुंबईने दुसऱ्या डावात सातशेवर धावा काढल्या, कारण घाई करावयाचे कारणच नव्हते. नोकरीधंदा सांभाळून खेळणाऱ्या माणसाने सात दिवसांची रजा आणावयाची कोठून, हा प्रश्न त्या रचनेत कोणी विचारीतच नव्हते. पुढे सामन्यांचे दिवस बांधले गेले, षटके बांधली गेली, आणि २००३ मध्ये इंग्लंडात वीस षटकांचा खेळ निघाला. गंमत म्हणजे आपल्या गल्लीबोळांत आणि धानाच्या रिकाम्या बांध्यांत पोरे आठ-दहा षटकांचे सामने त्याच्या किती तरी आधीपासून खेळत होती. कारण त्यांना संध्याकाळ ठाऊक होती.

तेव्हा घड्याळ लावले की सर्व रोग बरे झाले काय? नाही. घड्याळाचा स्वतःचा एक रोग आहे. शेवट ठरला की आघाडीवर असलेला संघ वेळ काढू लागतो. अमेरिकेत १९५० च्या नोव्हेंबरात बास्केटबॉलच्या एका व्यावसायिक सामन्यात संपूर्ण वेळ संपल्यावर गुण झाले १९ विरुद्ध १८. पाहुण्या संघाने चेंडू नुसता धरून ठेवला होता. प्रेक्षक घरी जाऊ लागले तेव्हा डॅनी बायसोन नावाच्या एका संघमालकाने साधा हिशेब मांडला. चांगल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे १२० वेळा चेंडू बास्केटकडे टाकतात. सामन्याचे सेकंद २८८०. म्हणून एका प्रयत्नाला २४ सेकंद. १९५४ पासून हा नियम लागू झाला आणि खेळाचा चेहरा बदलला.

कबड्डीलाही हाच रोग जडला होता. पुढे असलेल्या संघाचा गडी मध्यरेषा ओलांडून जाई, दम घुमवी, कोणाच्या वाऱ्याला न उभा राहता परत येई. निदानरेषा ओलांडलीच पाहिजे हा जुना नियम याच पळवाटेवरचा पहिला बांध होता. पुढे बोनस रेषा आली, म्हणजे खोल जाणाऱ्याला बक्षीस आले. आणि २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग निघाली तेव्हा चढाईला तीस सेकंदांची मर्यादा बसली आणि दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी चढाई ‘करा किंवा मरा’ अशी ठरली: गुण आणा, नाही तर बाद व्हा. पाहा, येथेही औषध तेच आहे. गड्याला धावावयास सांगितलेले नाही. त्याला एवढेच सांगितले की रिकामा परत येऊ नकोस.

या सर्व खेळांहून ज्याचे दुखणे जुनाट आहे असा एक खेळ उरला, तो गोल्फ. आपल्या श्रोत्यांपैकी फारच थोड्यांनी तो खेळला असेल. पण हौशी खेळात गती कशी आणावी या प्रश्नावर जगात सर्वांत अधिक काथ्याकूट या खेळाने केला आहे, म्हणून त्याचा विचार उपयोगी आहे. इंग्रजांबरोबर तो आपल्याकडे फार लवकर आला. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा, मुंबईचा १८४२ चा. म्हणजे स्कॉटलंडातला हा खेळ हिंदुस्थानात आला तेव्हा आपल्याकडे आगगाडीही नव्हती. विस्तीर्ण हिरवळीवर अठरा खळगे दूरदूर खणलेले. प्रत्येकात चेंडू कमीत कमी फटक्यांत घालावयाचा. सेंट अँड्र्यूजला पूर्वी बावीस खळग्यांची फेरी होती. ती १७६४ मध्ये अठरांवर आणली गेली, आणि पुढे जगाने तोच आकडा उचलला.

या खेळात प्रतिस्पर्धी चेंडू अडवीत नाही, पंच शिट्टी वाजवीत नाही, घड्याळ डाव संपवीत नाही. चार जण एकत्र फिरतात. एक मारतो, तीन पाहतात. त्यांच्या मागे दुसरे चार, त्यांच्या मागे तिसरे चार. पुढल्या चौघांनी झुडुपात गेलेला चेंडू शोधण्यात पाच मिनिटे घालविली की ती मागल्या सर्वांच्या खात्यावर चढतात. बैलगाड्यांच्या रांगेत पुढल्या गाडीचा कणा मोडावा तसे होते. तीन तासांची फेरी पाच तासांची होते, आणि कोणालाच आपण सावकाश खेळलो असे वाटत नाही! कारण प्रत्येकाने आपला स्वतःचा फटका तर मिनिटभरातच मारलेला असतो.

यावर उपाय काय झाले? पहिला मोठा उपाय एका शल्यचिकित्सकाने काढला. लिव्हरपूलजवळच्या वॉलसी येथील डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड यांनी १९३२ मध्ये मोजणीची नवी रीत चालू केली. फटके मोजण्याऐवजी प्रत्येक खळग्याला गुण द्यावयाचे. एखाद्या खळग्यावर गुण मिळणे अशक्य झाले की चेंडू उचलावा आणि पुढे चालू लागावे. जुन्या रीतीत नवशिक्याला बारावा, तेरावा फटका मारीत बसणे भाग होते, कारण एक खळगा फसला की सारी फेरी फसे. नव्या रीतीत एका खळग्याचे अपयश तेथेच संपते. हौशी खेळाडूला याहून मोठा दिलासा कोणता? दुसरा उपाय २०१९ च्या नव्या नियमांनी आला. हरवलेला चेंडू शोधण्याची मुदत पाच मिनिटांवरून तीनवर आली, फटका चाळीस सेकंदांत मारावा अशी शिफारस झाली, आणि ज्याचा चेंडू खळग्यापासून सर्वांत लांब त्यानेच आधी खेळावे हा जुना शिष्टाचार सैल करून, फटक्यांच्या स्पर्धेत जो तयार असेल त्याने मारावे, या रीतीला उत्तेजन मिळाले.

जो तयार असेल त्याने उठावे! आपल्याकडे पाटीवर बसलेले खो-खोचे पोर हे कितीतरी आधीपासून करीत आले आहे. आम्ही हे अभिमानाने फुशारकी मारण्यासाठी सांगत नाही. सांगावयाचे ते एवढेच की निरनिराळ्या देशांतल्या, निरनिराळ्या थरांतल्या लोकांनी आपापल्या खेळावर विचार केला तेव्हा ते एकाच ठिकाणी येऊन पोचले. बाद झालेल्याला परत आणा, फसलेल्याला पुढे जाऊ द्या, बसलेल्याला तयार ठेवा, रिकाम्या हाती येणाऱ्याला टोका. यांत घाई कोठेच नाही.

गती आणताना काही गमावले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. गामिनीत एका बाजूचा शेवटचा एकटा गडी उरे आणि तो आपल्या दमावर सबंध संघ तारून नेई. त्या दृश्याची भव्यता तीस सेकंदांच्या चढाईत येणे कठीण. ज्या खेळाचे माप छातीतला श्वास होते, त्याचे माप आता भिंतीवरचा आकडा झाला. जुन्या जाणकारांना याची रुखरुख वाटते आणि ती आम्हांस खोटी वाटत नाही. पण त्या एकट्या गड्याची भव्यता पाहताना बाहेर बसलेले त्याचे सारे सोबती आपण विसरत होतो. हौशी खेळ हा प्रथम खेळणाऱ्यांसाठी असतो, पाहणाऱ्यांसाठी नंतर. आणि खेळणाऱ्यांतही सर्वांत दुबळ्याला किती खेळावयास मिळाले यावर त्याची किंमत ठरते.

आता हे सूत्र घेऊन आपल्या जिल्ह्यांकडे परत येऊ. गडचिरोली, अहेरी, भामरागड, चंद्रपूर, चिमूर या आदिवासी विकास प्रकल्पांतल्या आश्रमशाळांची मुले-मुली क्रीडा संमेलनांत कबड्डी, खो-खो खेळतात. धान निघाल्यावर गावोगाव कबड्डीचे सामने भरतात. गडचिरोलीत पोलिसांनीही वीर बाबूराव शेडमाके आणि बिरसा मुंडा यांच्या नावांनी कबड्डी-व्हॉलीबॉलच्या स्पर्धा घेतल्या आहेत. खेळणाऱ्यांच्या अंगातल्या गतीत काही उणे आहे, असे कोण म्हणेल? रेंगाळते ते निराळेच. सामना चाळीस मिनिटांचा, पण त्याआधी पाहुण्यांची वाट पाहण्यात दोन तास जातात. मुले सकाळपासून रांगेत उभी. पाहुणे येणार, हार होणार, नारळ फुटणार, मग चार भाषणे. भाषणांत मुलांना वेळेचे महत्त्व सांगितले जाते! त्यानंतर चुन्याच्या रेषा आखावयाच्या राहिल्या असल्याचे कोणाच्या तरी ध्यानात येते. अशा रीतीने सकाळचा रिकामा वेळ संध्याकाळच्या अंधारात फेडावा लागतो. अंतिम सामना दिव्याच्या उजेडात होतो आणि लांबच्या गावचा संघ तो न पाहताच निघतो, किंवा पाहून अंधारात निघतो.

याचा पहिला फटका मुलींना बसतो. मुलगा उशिरा आला तर घरी बोलणी खातो. मुलगी उशिरा आली तर पुढल्या वेळी तिला पाठवितच नाहीत. आईबापांना दोष देऊन काय उपयोग? त्यांना रान ठाऊक आहे, वाट ठाऊक आहे. पाठवायला ते नाही म्हणत नाहीत. ती केव्हा परत येईल एवढे त्यांना कळावयास हवे. ज्या स्पर्धेचा शेवट ठरलेला आणि पाळलेला असतो त्या स्पर्धेला मुली येतात, ही साधी गोष्ट संयोजकांनी ध्यानात घेतली तर पुष्कळ कार्य होईल. सामने सकाळी ठरल्या वेळी सुरू करावेत. पाहुणे आले नाहीत तर खेळ थांबवू नये, पाहुण्यांनी येऊन खेळात सामील व्हावे. दुरून आलेल्या संघांचे सामने आधी घ्यावेत. पुढला संघ रेषेबाहेर तयार उभा ठेवावा. हरलेल्या संघाला आणखी एखादा सामना मिळेल अशी आखणी करावी, म्हणजे दहा कोसांवरून येऊन वीस मिनिटांत परतणे कोणाच्या नशिबी येणार नाही. बक्षिसे मैदानावरच, सामना संपताच द्यावीत. यांपैकी एकाही गोष्टीला पैसा लागत नाही. लागते ती दुसऱ्याच्या वेळाची चाड.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ज्या मंडळींनी आपल्या खेळांना नियमांत बसविले, त्यांच्यापुढे मैदाने नव्हती, पैसा नव्हता, आणि हे पोरखेळ नियमांत बांधण्याजोगे आहेत हे पटवून देण्यातच त्यांचा निम्मा जन्म गेला. त्यांनी आपल्याला जे दिले त्यात खेळाचा शेवट ही एक मोठी देणगी होती. ती आपण मैदानाच्या रेषेच्या आत नीट सांभाळली आहे. आता ती रेषेच्या बाहेरही पाळावयाची आहे, म्हणजे खेळून दमलेले पोर उजेडात घरी पोचेल आणि पुढल्या वर्षी पुन्हा खेळावयास येईल.